तोंड लाल होणं, चरचरणं, रोझेशिया: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. जळगावात एका पतसंस्थेत कॅशवर बसते, वय ४४, नऊ वर्षांपासून रोझेशिया आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुकीच्या ट्यूबवर गेली. माहेर शिरपूरकडचं, सासर यावलकडचं, त्यामुळे दोन्हीकडच्या जावा, भाच्या, त्यांच्या मैत्रिणी, अन् आता तर त्यांचे नवरेपण फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. औषधाचा डोस इथं शोधू नका, तो स्किनच्या डॉक्टरकडूनच घ्यायचा.

१. रोझेशिया म्हणजे काय? पिंपल्सच ना ते?

नाही. ही तोंडाच्या मधल्या भागाची जुनाट सूज असते, दोन्ही गाल, नाक, कपाळ, हनुवटी एवढ्यातच. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जरा काही झालं की फुलतात, तोंड तापतं, लाल होतं. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण तासात उतरतं, मग हळूहळू ते उतरेनासंच होतं आणि नाकाच्या बाजूला लाल धाग्यासारख्या शिरा दिसायला लागतात. काहींना वर बारीक पुटकुळ्या येतात, त्यात पू पण होतो, म्हणून सगळे पिंपल्स समजून बसतात. पण पिंपल्समध्ये ब्लॅकहेड्स असतात, यात नसतात, उलट आग आणि चरचर जास्त. आणि हे बहुतेकांना तिशी ओलांडल्यावर सुरू होतं, म्हणजे ज्या वयात पिंपल्स संपले असं आपण समजतो त्या वयात. पिंपल्सची कडक क्रीमं यावर लावली की तोंड अजूनच पेटतं.

२. आम्ही सावळे, आमचं तोंड लाल दिसतच नाही. मग हे गोऱ्या लोकांचंच दुखणं ना?

गोऱ्यांमध्ये जास्त दिसतं हे खरं, पण दिसतं आणि होतं यात फरक आहे. सावळ्या कातडीवर ती लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते, अन् घरचे म्हणतात ऊन लागलं. रंगावर जाऊ नका, हाताला काय लागतं ते बघा. उन्हातून आल्यावर गालाला हात लावला तर गळ्यापेक्षा गरम लागतो का, साध्या पाण्यानं पण चरचरतं का, नेहमीची क्रीम अचानक झोंबायला लागली का. डॉक्टर भिंगातून बघतात तेव्हा शिरा दिसतात. माझ्या मोठ्या जावेचं निदान व्हायला चार वर्षं लागली, कारण प्रत्येक जण तिला वांगाचं क्रीम देत होता.

३. अंगात उष्णता आहे म्हणून होतं का? सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं तर जाईल?

सब्जा प्या, उन्हाळ्यात चांगलाच असतो, पण त्यानं रोझेशिया जात नाही. याचं एकच एक कारण नाहीये. घराण्यात कल असतो, कातडीची प्रतिकारशक्ती जरा जास्तच चिडकी असते, रक्तवाहिन्या आणि नसा लवकर भडकतात. शिवाय डेमोडेक्स नावाचा डोळ्याला न दिसणारा बारीक जीव जवळजवळ प्रत्येकाच्याच तोंडावर राहतो, रोझेशियावाल्यांच्या तोंडावर तो जास्त सापडतो. म्हणजे घाणीनं होतं असा अर्थ कृपा करून काढू नका, घासघासून धुतलं की वाढतंच. आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही. हे सासूबाईंना मी वर्षभर सांगत होते.

४. कायमचं बरं होतं का?

मुळापासून जात नाही. पण नीट औषध आणि थोडी काळजी घेतली तर महिनोन्महिने तोंड शांत राहतं, माझं मागच्या दिवाळीपासून आहे. कुणी पंधरा दिवसांत मुळासकट काढून देतो म्हणालं तर तिथून उठायचं.

५. मेडिकलवरची ट्यूब लावली की दोन दिवसांत साफ होतं. मग तीच का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान यातच झालं, म्हणून जरा लांबवते.

नऊ वर्षांपूर्वी एका मेडिकलवर मी तोंड दाखवलं, त्यानं न विचारता एक ट्यूब काढून दिली, दोन रात्रीत तोंड असं साफ झालं की मी ती ट्यूब नणंदेलापण दिली. महिन्याभरानं एक दिवस लावायची राहिली तर सकाळी गाल टमाट्यासारखे. परत लावली, परत साफ. असं करत करत दोन वर्षं. शेवटी शेवटी सकाळी लावायची, दुपारी तोंड पेटायचं, गालावर बारीक केस आले, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज दाबतं, म्हणून लगेच छान दिसतं, पण तोंडावर रोज लावलं की कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते, सोडलं की दुप्पट भडकते, आणि रोझेशिया नसलेल्या माणसालाही रोझेशियासारखंच तोंड होऊन बसतं. आपल्या देशात हे इतकं झालंय की स्किनच्या डॉक्टरांनी अशा तोंडाला वेगळं नावच दिलंय, स्टेरॉइडनं बिघडलेलं तोंड अशा अर्थाचं. २०१८ मध्ये सरकारनं अशा बऱ्याच मलमांवर चिठ्ठीशिवाय न विकायचा नियम केला, तरी गावात काय चालतं ते तुम्हालाही माहिती आहे.

म्हणून ट्यूब घेतली की डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ती आपल्या मनानं तोंडाला लावायची नाही. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध. गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पण हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टेरॉइड असू शकतं, लग्नाआधी मुली तेच लावतात. खाजेसाठी, नायट्यासाठी घरात पडलेली ट्यूब असते ना, त्यात पण बघा.

६. वरचं वाचून ट्यूब बंद केली, तोंड भयंकर पेटलं. परत लावू का?

परत सुरू करू नका आणि घरी नुसतं सोसतही बसू नका, लगेच स्किनच्या डॉक्टरकडे जा. किती दिवस लावली, किती कडक होती यावर ते ठरवतात की एकदम थांबवायची की हळूहळू उतरवायची, आणि मधल्या काळात दुसरं मलम किंवा गोळ्या देतात. हा काळ वाईट असतो. माझे पहिले तीन आठवडे असे गेले की मी ऑफिसात तोंड बांधून बसायचे, लोकांना वाटायचं सर्दी आहे. पुरतं शांत व्हायला काही महिने लागू शकतात. तेवढ्या दिवसांत तोंडाला साधं पाणी, साधं मॉइश्चरायझर आणि डॉक्टरनं दिलेलं, याशिवाय काही नाही.

७. डॉक्टर काय देतात मग?

पुटकुळ्या असतील तर मेट्रोनिडाझोल जेल, अझेलिक अॅसिड किंवा आयव्हरमेक्टिन क्रीम, यातलं एखादं. जास्त असेल तर कमी डोसची डॉक्सिसायक्लिन गोळी काही आठवडे. ती भरपूर पाण्यासोबत घ्यायची, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि ती चालू असताना ऊन जास्त लागतं. पुटकुळ्या नसून नुसती लाली असेल तर रक्तवाहिन्या आवळणारं ब्रिमोनिडिन जेल असतं, ते काही तास काम करतं पण उतरल्यावर काहींचं तोंड आधीपेक्षा लाल होतं, म्हणून लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. दिसणाऱ्या शिरा मलमानं जात नाहीत, त्याला लेझर लागतं आणि ते महाग.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, यातलं बहुतेक औषध दोन-तीन महिन्यांनी खरा फरक दाखवतं. स्टेरॉइडच्या दोन दिवसांच्या जादूची सवय झालेल्या माणसाला हे पटत नाही, पंधरा दिवसांत डॉक्टर बदलतात. गरोदर असाल तर आधी प्र. १६ वाचा.

८. शेवभाजी, ठेचा, भरीत सगळं सोडायचं का? मग जगायचं कशाला?

सगळं सोडू नका, आधी तुमचा गुन्हेगार शोधा. तिखटातला झोंबणारा घटक तोंडातल्या त्याच नसांना चेतवतो ज्यांना खरी उष्णता कळते, म्हणून शरीराला वाटतं तापलं आणि ते तोंडावर रक्त सोडतं. पण हे प्रत्येकाला सारखं होत नाही. काहींना तिखट चालतं आणि दालचिनी, टमाटा, नाहीतर दारू चालत नाही.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलनं लिहायचे, काय खाल्लं, ऊन किती लागलं, झोप झाली का, भांडण झालं का, आणि तोंड शून्य ते तीन यात किती लाल. दीड महिना. आता गंमत ऐका. त्याआधी दोन हिवाळे मी भरीत सोडलं होतं, कारण भरीत पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी तोंड तीन. कॅलेंडर बघितलं तर घरी डब्यात आलेलं भरीत खाल्लं त्या दिवशी शून्य! मग डोक्यात उजेड पडला की शेतात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजायला मीच पुढे असायचे, तासभर त्या जाळासमोर, वरून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतानाही तिथंच. दोष वांग्याचा नव्हता, मिरचीचापण नव्हता, जाळाचा होता. आता भाजायला दीर उभे राहतात, मी लांब बसून सालं काढते आणि कळण्याच्या पुरीसोबत पोटभर खाते.

शेवभाजी मी खाते, पण तर्री बाजूला सारून आणि वाफ गेल्यावर. कच्चा ठेचा मात्र मला नाहीच चालत, ते मान्य केलं. केळी सोडा असं एकीला कुणी सांगितलं होतं म्हणे, रावेर-यावलच्या माणसानं केळी सोडायची म्हणजे काय! माझ्या कॅलेंडरात केळीच्या नावावर एकपण खूण नाही.

९. आणि चहा?

चहापेक्षा त्याचा गरमपणा नडतो. बशीत ओतून, कोमट करून प्या, बशीतून पिणाऱ्यांना आपल्याकडे कुणी हसत नाही.

१०. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर, शेतात नाहीतर गाडीवर जावंच लागतं. काय करायचं?

खरंय, पुण्या-मुंबईचे सल्ले इथं चालत नाहीत. ऊन आणि उष्णता ही बहुतेकांची सगळ्यात मोठी कारणं, त्यामुळे मेहनत इथंच करायची.

अकराच्या आत काम उरका, नाहीतर पाचनंतर. तोंडाला सुती पांढरा रुमाल, जमलं तर ओला करून पिळलेला, सिंथेटिक स्कार्फ नको, तो आत वाफ धरतो. टोपी मोठ्या काठाची. सोबत गार पाण्याची बाटली, तोंड तापायला लागलं की घोट-घोट, किंवा बर्फाचा खडा तोंडात धरा, गालावर बर्फ घासू नका. भुसावळच्या उन्हातून येऊन लगेच कूलरच्या समोर तोंड धरायची सवय सोडा, पंख्याखाली पाच मिनिटं बसा मग साधं पाणी. हा सरळ गरमातून गारात मारलेल्या उडीचा प्रकार खूप जणांना नडतो.

वाळवणाचे दिवस वेगळे सांगते. कुरडयांचा चीक हाटताना पातेल्यातून जी वाफ येते ती थेट गालावर बसते, हात अडकलेले असल्यानं तोंड बाजूलाही घेता येत नाही. चीक हाटायचं काम दुसरीला द्या, तुम्ही सोऱ्या धरा. चुलीवरच्या भाकरीचं तेच, खिडकी उघडी, टेबलफॅन पाठीकडून.

हिवाळ्यात सुटल्यासारखं वाटतं पण पहाटेचा कोरडा गार वाराही लाली आणतो, गाडीवर तेव्हाही रुमाल लागतो.

११. सनस्क्रीन लावलं की झोंबतं. न लावलं तर चालेल?

लावावंच लागेल, पण वेगळं घ्या. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, वास नसलेलं, एसपीएफ ३० किंवा वर. ते सहसा झोंबत नाही, मात्र सावळ्या तोंडावर जरा पांढुरकं दिसतं, त्यासाठी रंग मिसळलेलं मिळतं. आधी जबड्याखाली तीन-चार दिवस लावून बघा, मग तोंडाला. दोन बोटांवर काढलेली रेघ एवढं लागतं, आपण लावतो ते त्याच्या पाव असतं. घाम गाळायचा असेल तर दोन-अडीच तासांनी परत.

१२. तोंड कशानं धुवू? बेसन, हळद, लिंबू, मुलतानी माती, कोरफड?

लिंबू नको म्हणजे नकोच. बेसन नि मुलतानीनं घासलं जातं आणि कोरडं पडतं, नको. कोरफड काहींना गार वाटते, काहींना तिच्या चिकानं खाज सुटते, मी नादी लागत नाही. साबणाऐवजी फेस न येणारं सौम्य क्लिन्झर, बोटांनीच, कोमटपेक्षा जरा गार पाण्यानं, दिवसातून दोनदा, मग टॉवेल टेकवून पुसायचं. ओल गेली की साधं मॉइश्चरायझर. बाटलीवर अल्कोहोल, मेंथॉल, कापूर, विच हेझल, सुगंध असलं काही दिसलं की ठेवून द्या. पुरुषांनी सलूनमध्ये दाढीनंतर तुरटीचा खडा आणि आफ्टरशेव्ह दोन्हीला नाही म्हणायचं, न्हावी रुसला तरी चालेल.

१३. घरात लग्न आहे. फेशिअल, ब्लीच, मेकअप?

ब्लीच नाही, स्टीम नाही, स्क्रब नाही, आणि मसाज पण नाही. म्हणजे फेशिअलमध्ये राहतं काय, तर पार्लरवालीशी गप्पा. मेकअप चालतो. खाली हिरवट छटेचं प्रायमर लाली झाकतं, सावळ्या रंगावर मात्र तेच राखी दिसतं, तिथं पिवळसर छटा बरी. रात्री घासून नाही, पुसून काढा. अंगाला हळद लावताना नवरीलाच रोझेशिया असेल तर हातापायाला लावा, गालाला नुसतं बोट टेकवा, फोटोत तेवढंच दिसतं.

१४. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, सारखी रांजणवाडी येते. याचा संबंध आहे?

असू शकतो, आणि हे कुणी सांगत नाही. रोझेशिया पापण्यांच्या कडेलापण होतो, डोळे कोरडे, लाल, चुरचुरणारे, रांजणवाडी परत परत. काहींना तर तोंडाआधी डोळ्यांतच सुरू होतं. बंद पापणीवर कोमट ओला कपडा पाच-दहा मिनिटं आणि कडा हलक्या हातानं साफ करणं हे रोजचं, बाकी डोळ्याचे डॉक्टर. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल, धूसर दिसत असेल तर उद्यावर ढकलू नका, बुबुळाला इजा होऊ शकते. आणि तोंडाची ट्यूब डोळ्यापर्यंत ओढू नका.

१५. नवऱ्याचं नाक जाड आणि लाल व्हायला लागलंय. दारूचा थेंब घेत नाही, तरी लोक कुजबुजतात.

हा फोन एका भाचीचा होता, रडत होती बिचारी. नाकाची कातडी आणि त्यातल्या तेलाच्या ग्रंथी वाढून नाक जाड, खडबडीत होणं हा रोझेशियाचाच प्रकार, पुरुषांत जास्त. दारूनं तोंड लाल व्हायला मदत होते हे खरं, पण न पिणाऱ्यालाही होतं. लवकर दाखवलं तर औषधानं आवर घालता येतो, जाड झालेला भाग नंतर लेझरनं किंवा छोट्या ऑपरेशननं कमी करतात. तिचे मिस्टर माळकरी आहेत, गावात नाकामुळे त्यांची माळ खोटी ठरत होती.

१६. गरोदरपणात काय?

डॉक्सिसायक्लिन नाही, पिंपल्ससाठी देतात ती आयसोट्रेटिनॉइन गोळी तर अजिबात नाही. दिवस राहायचा विचार असला तरी डॉक्टरला आधी सांगा. अझेलिक अॅसिड सहसा चालतं, तरी विचारूनच. तोवर प्र. १०, ११, १२ वर भर.

१७. बीपीची गोळी सुरू केल्यापासून तोंड जास्त तापतं. किंवा: पाळी जायची वेळ आली, तेव्हापासून.

दोन्ही खरं असू शकतं. अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यानं तोंडावर रक्त येतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बीपीच्या डॉक्टरला सांगून बदलून मिळते का बघा. पाळी जातानाचे गरम झटके वेगळे, ते छाती-मानेपर्यंत येतात, घाम सुटतो, रात्री जाग येते. मला आता दोन्ही आहे, कॅलेंडरात दोन रंगांच्या पेन्सिली लागतात.

१८. मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर (मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर) देठ खुडायला जाते. तिथं सगळ्याच बायांचं तोंड जळतं. मग सगळ्यांना रोझेशिया?

नाही. मिरचीच्या धुरळ्यानं कुणाचंही तोंड जळणारच. काम सुटल्यावर, सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत ज्यांचं पूर्ण उतरतं त्यांना बहुतेक तेवढाच त्रास. ज्यांचं उतरत नाही, गाल-नाक तसंच राहतं, त्यांनी दाखवावं. तोंडाला सुती कपडा, घाम हातानं नाही तर कोपराच्या वरच्या बाहीनं पुसा, आणि घरी गेल्यावर हाताला आधी तेल चोळा मग साबण, कारण तो तिखटपणा तेलात निघतो, नुसत्या पाण्यात नाही.

१९. रोझेशिया वाटतो पण दुसरंच काही असू शकतं का?

हो, म्हणून तर फोनवर फोटो बघून मी कुणाला निदान देत नाही. भुवयांत, नाकाच्या घडीत तेलकट खपल्या आणि डोक्यात कोंडा असेल तर ते वेगळं. केसांना काळी मेंदी किंवा डाय लावून कपाळाच्या कडेला, कानामागे, पापण्यांवर सूज आली तर ती ॲलर्जी. दोन्ही गालांवर लाली पण नाकाच्या बाजूची घडी मोकळी, सोबत सांधे दुखतात, ताप, तोंडात फोड, केस गळतात, तर लुपस (अंगाची प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते तो आजार) असू शकतो, त्यात वेळ घालवू नका, रक्त तपासायला लागतं.

२०. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं? प्रायव्हेट परवडत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं स्किनची ओपीडी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. तोंडाला त्या दिवशी पावडर, क्रीम काही नको. लाली दुपारी चढते आणि ओपीडीत नेमकी उतरलेली असते, म्हणून चढलेली असताना खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यापण, पिशवीत भरून न्या. मी लाजून एक घरी ठेवली होती, डॉक्टरांनी बाकीच्या चार बघितल्या आणि विचारलं, "पाचवी कुठंय?"